किल्ली कोणाच्या कनवटीला?

(ग्रामवाचनालयाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकायला थोडा लांबचा वाटेल. त्यात अमेरिका येईल, जर्मनी येईल, डेन्मार्क येईल. पण बिचकू नका. ज्या वस्तूविषयी आम्ही बोलणार आहोत ती तुमच्या खिशात आहे, बायकांच्या पिशवीत आहे. ती वस्तू म्हणजे मोबाईल फोन.

एक साधा प्रश्न विचारतो. फोन तुमचा. पैसे मोजून तुम्ही तो घेतला. पण त्यात दिसणारे फोटो, पत्रे, हिशेब, लोकांचे नंबर हे सारे राहते कुठे? तुम्ही म्हणाल, "गुरुजी, फोनातच की!" काही फोनात राहते, हे खरे. पण पुष्कळसे दुसरीकडेच राहते. मोठमोठ्या इमारती आहेत. त्यांत संगणकांच्या रांगाच्या रांगा रात्रंदिवस चालू असतात. तिथे ते जाऊन पडते. शहरातले लोक त्याला 'क्लाऊड' म्हणतात. क्लाऊड म्हणजे ढग. पण ढगबिग काही नाही. ते कोठार आहे, कोठार! आपले धान्य दुसऱ्याच्या कोठारात ठेवावे, तसला हा प्रकार.

आणि ही कोठारे कोणाची? जगातली बहुतेक मोठी कोठारे अमेरिकेतल्या कंपन्यांची आहेत. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, ॲपल, मेटा ही त्यांची नावे. तुम्ही ज्यावरून लग्नाची आमंत्रणे धाडता ते व्हॉट्सॲप मेटाचे. पूर्वी या मेटाचे नाव फेसबुक होते. त्या कंपनीने व्हॉट्सॲप २०१४ साली विकत घेतले. सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, दवाखान्यांत जे संगणक दिसतात त्यांपैकी पुष्कळांवर मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली चालते. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाला हालचाल शिकवणारा मूळ कार्यक्रम. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसता डबा.

या कंपन्यांनी काम चांगले केले आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची यंत्रे सोपी आहेत. फुकट किंवा स्वस्त मिळतात. दुबईला गेलेल्या मुलाचे तोंड आई इथे बसून बघते, ही काही लहान गोष्ट नव्हे. मग आज जगातले पुष्कळ देश त्यांच्याकडे संशयाने का पाहू लागले? जुने कोठार सोडून नवे का शोधू लागले? त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण चाखण्याचे आणि दुसरे कुलपाचे.

आधी चाखण्याचे पाहू.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने ती साऱ्या जगाला पटवून दिली. तो अमेरिकेच्या गुप्त खात्यासाठी काम करीत होता. त्याने तिथली कागदपत्रे वृत्तपत्रांच्या हाती दिली. त्यांवरून उघड झाले की, या मोठ्या कंपन्यांकडे साठलेली परदेशी लोकांची पत्रे आणि निरोप अमेरिकेचे सरकार हुकूम काढून मागवू शकते, आणि मागवत होते. त्याच वर्षी आणखी एक बातमी आली. जर्मनीच्या त्या वेळच्या सर्वोच्च पुढारी अँगेला मेर्केल यांच्या फोनवरही पाळत होती म्हणे! जर्मनी हा अमेरिकेचा मित्रदेश. मित्राच्या घराला कान लावावा तसे झाले. युरोपातले लोक चपापले.

पुढे २०१८ साली अमेरिकेने एक कायदा केला. त्याचा मतलब असा की, कंपनी अमेरिकन असेल तर तिचे कोठार कोणत्या का देशात असेना, अमेरिकेतून कायदेशीर हुकूम निघाला की तिने माल दाखवला पाहिजे. म्हणजे कोठार आपल्या अंगणात असले तरी मालक तिकडचा, आणि मालकाला कायदा तिकडचा.

जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या संसदेत या कंपन्यांपैकी मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधील अधिकाऱ्याला शपथेवर प्रश्न विचारला गेला. फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीवाचून अमेरिकेला दिली जाणार नाही, याची हमी आपण देता काय? अधिकारी म्हणाले, तशी हमी आपण देऊ शकत नाही. आजवर तसे घडलेले नाही, असेही त्यांनी सांगितले. माणूस खरे बोलला. पण त्या खऱ्या बोलण्याने पुष्कळांची झोप उडाली.

आता दुसरे कारण पाहू, कुलपाचे. हे अधिक जड आहे.

युरोपात नेदरलँड्स नावाचा लहानसा देश आहे. तिथे हेग शहरात एक आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. युद्धातले घोर गुन्हे करणाऱ्यांवर खटले चालवण्यासाठी पुष्कळ देशांनी मिळून ते उभारले. अमेरिका त्यात सामील नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये या न्यायालयाने इस्राएलच्या पंतप्रधानांविरुद्ध अटकेचे वॉरंट काढले. अमेरिकेला ते रुचले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने न्यायालयाच्या मुख्य सरकारी वकिलांवर निर्बंध घातले. निर्बंध म्हणजे एक प्रकारचा वाळीत टाकण्याचा हुकूम. या माणसाशी आमच्या कोणीही देवघेव करायची नाही! मे महिन्यात बातमी आली की, त्या वकिलांचे मायक्रोसॉफ्टवरचे टपालखाते बंद पडले आहे. कंपनीने खुलासा केला की, न्यायालयाची सेवा आम्ही थांबवलेली नाही. पण जायचा तो विश्वास गेलाच.

ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाच्या काही न्यायाधीशांवरही निर्बंध आले. त्यांत निकोला गियू नावाचे एक फ्रेंच न्यायाधीश आहेत. त्यांनी पुढे एका फ्रेंच वृत्तपत्राला आपली हकिकत सांगितली. अमेरिकन कंपन्यांतली त्यांची खाती बंद झाली. त्यांनी फ्रान्समधल्याच एका हॉटेलात खोली राखून ठेवली होती. ती एका अमेरिकन कंपनीमार्फत राखली होती, म्हणून काही तासांत रद्द झाली. मंडळी, विचार करा. माणूस फ्रान्सचा, हॉटेल फ्रान्सचे. मधला दलाल तेवढा अमेरिकेचा. पण दार बंद झाले! हे न्यायाधीश चोर नव्हेत, दरोडेखोर नव्हेत. आपल्या कामावर बसलेले गृहस्थ आहेत.

हे सारे परक्या मुलखात घडले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्या शेजारच्या गुजरातेत चला.

गुजरातेत वाडीनार येथे खनिज तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना आहे. तो नायरा एनर्जी या कंपनीचा. देशात या कंपनीचे हजारो पेट्रोलपंप आहेत. तिच्यात रशियाच्या एका तेल कंपनीची जवळजवळ अर्धी भागीदारी आहे. रशिया आणि युक्रेन यांचे युद्ध चालू होते. म्हणून १८ जुलै २०२५ रोजी युरोपच्या देशांनी नायरावर निर्बंध घातले. चारच दिवसांनी, म्हणजे २२ तारखेला, मायक्रोसॉफ्टने तिची सेवा अचानक थांबवली. कर्मचाऱ्यांची टपालखाती बंद. आपल्याच कागदपत्रांपर्यंत त्यांना पोहोचता येईना. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही पुरते पैसे भरलेले होते आणि आम्हाला आधी सांगितलेही नाही. कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. ३० तारखेला सेवा पुन्हा सुरू झाली.

आठ दिवसांची गोष्ट. पण ती नीट पाहा. अमेरिकेच्या सरकारने बंदी घातली नव्हती. भारत सरकारने घातली नव्हती. बंदी युरोपची, कुलूप अमेरिकन कंपनीचे आणि उंबऱ्याबाहेर उभे आपले लोक! हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

आता युरोपचे लोक यावर काय करू लागले, ते सांगतो.

जर्मनीच्या अगदी उत्तरेला, डेन्मार्कच्या सीमेला लागून, श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचे एक राज्य आहे. दोन्ही बाजूंना समुद्र. मुलूख सपाट आणि गाईगुरांचा. जर्मनीतल्या लहान राज्यांपैकी ते एक. पण त्याने मोठे धाडस केले. २०२४ साली तिथल्या मंत्रिमंडळाने ठरवले की, सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे ३०,००० संगणकांवरून मायक्रोसॉफ्टचे लिहिण्याचे आणि हिशेबाचे कार्यक्रम काढायचे. त्यांच्या जागी 'लिबरऑफिस' आणायचे. मग टपालही हलवले. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४०,००० हून अधिक टपालपेट्या नव्या व्यवस्थेत गेल्या. त्यांतली पत्रे आणि नोंदी १० कोटींच्या वर होत्या. एवढे बिऱ्हाड हलवायचे म्हणजे काय ते तुम्हीच समजा!

हे लिबरऑफिस काय आहे? ते समजायला बियाण्याचे उदाहरण घ्या. कंपनीचे संकरित बियाणे दर हंगामाला विकत आणावे लागते. घरचे राखून पुन्हा पेरले तर तसे पीक येत नाही. घरच्या जुन्या वाणाचे तसे नाही. निवडून राखून ठेवा, पुढच्या साली पेरा, शेजाऱ्याला पायलीभर द्या. कोणी अडवीत नाही. लिबरऑफिस हे त्या घरच्या वाणासारखे आहे. त्याची घडण कशी केली हे सगळ्यांना उघड करून दाखवले आहे. कोणीही ते घ्यावे, वापरावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. त्याचे मूळ रोप जर्मनीतलेच. आज जर्मनीतली एक सार्वजनिक संस्था ते सांभाळते आणि जगभरचे कारागीर त्यात भर घालतात. अशा कार्यक्रमांना मुक्त प्रणाली म्हणतात. त्यांतली सर्वांत नामांकित म्हणजे लिनक्स. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. गंमत अशी की, तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा पायाही त्या लिनक्सचाच आहे.

डेन्मार्क हाही लहान देश. ग्रीनलंड नावाचे प्रचंड बेट त्याच्या राज्यात आहे. २०२५ साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी ते बेट आपल्याला हवे, अशी भाषा वारंवार केली. डॅनिश लोकांना प्रश्न पडला. जो आपल्या जमिनीवर डोळा ठेवतो त्याच्याच देशाच्या कोठारात आपली सारी दप्तरे असावीत काय? त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या एका मंत्रालयाने आपणही लिबरऑफिसकडे वळत असल्याचे जाहीर केले. आणि हेगच्या त्या न्यायालयाने? त्यानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीत तयार झालेली मुक्त व्यवस्था घेण्याचे ठरवले. ठेच लागल्यावर शहाणपण येते ते असे.

पण हे काम 'पी हळद अन् हो गोरी' असे नाही. त्या जर्मन राज्यात टपाल हलवताना खोळंबा झाला. कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या. माणसाचा हात एका विळ्याला बसला की दुसरा विळा जड लागतो. त्याआधी म्युनिक या मोठ्या जर्मन शहराची गोष्ट तर शिकण्यासारखीच आहे. त्या शहराने २००३ साली मायक्रोसॉफ्ट सोडायचे ठरवले. दहा वर्षे खपून सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले. पुढे कारभारी बदलले, कुरकुर वाढली आणि २०१७ साली शहराने परत जुन्याकडे जायचे ठरवले. म्हणजे बी चांगले असून भागत नाही. मशागत हवी. माणसांना शिकवायला हवे. आणि नेट धरणारे कारभारी हवेत.

इथे तुमच्यातला कोणी हात वर करील. "गुरुजी, अमेरिकेवर भरवसा नाही म्हणता. मग दुसऱ्या देशाचे घ्यावे तर कोणाचे? चीनचे? जर्मनीचे? स्वित्झर्लंडचे?"

प्रश्न रास्त आहे. दुरून डोंगर साजरे असतात. चीनचा 'टिकटॉक' आपल्या खेड्यापाड्यांत किती नाचला, आठवते ना? २०२० साली गलवानला आपले जवान धारातीर्थी पडले. त्यानंतर जूनअखेरीस आपल्या सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. एका रात्रीत पुष्कळांची खाती आणि चित्रफिती गेल्या. अमेरिकेवर रागावून चीनच्या दारात जायचे, तर ते आगीतून निघून फुफाट्यात पडणे ठरेल.

स्वित्झर्लंडमध्ये 'प्रोटॉन' नावाची टपालसेवा आहे. पत्रे आम्हीसुद्धा वाचू शकत नाही, अशी तिची बांधणी आहे, आणि ते खरे आहे. तरीही २०२१ साली स्वित्झर्लंडच्या कायद्याचा हुकूम आला, तेव्हा एका माणसाचे खाते कोणत्या जोडणीवरून चालते, एवढे त्या कंपनीला सांगावे लागले. पत्रातला मजकूर दिला नाही, कारण तो तिच्याजवळ उघडा नव्हताच. कायदा कोणालाच चुकत नाही. आणि युरोपच्या निर्बंधाने आपल्या वाडीनारच्या लोकांचे काय झाले, ते मघाशी पाहिलेच. तेव्हा अमेरिका वाईट आणि बाकीचे सारे संत, असा हिशेब मांडू नका.

मग पारख कशी करायची? आम्ही तीन प्रश्न सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न. माझा माल मला उचलून नेता येतो काय? कोठार आवडले नाही तर माझी पोती मला बैलगाडीत घालून दुसरीकडे नेता आली पाहिजेत. जिथे आत जायला मोठे दार आहे आणि बाहेर यायला खिडकीसुद्धा नाही, तिथे पाऊल जपून टाका.

दुसरा प्रश्न. भांडण झाले तर दाद कोणाकडे मागायची? तालुक्याच्या कोर्टात, मुंबईत, दिल्लीत, की सातासमुद्रापलीकडे? ज्या कंपनीला आपल्या देशाचा कायदा लागतो, तिला निदान जाब विचारता येतो.

तिसरा प्रश्न. एक कारागीर गेला तर दुसरा मिळतो काय? इंजिन बिघडले आणि ते फक्त एकाच मिस्त्रीला खोलता येत असेल, तर तो मागेल तो दाम द्यावा लागतो. मुक्त प्रणालीचा मोठा गुण हाच. तिची घडण उघडी असते, म्हणून मिस्त्री बदलता येतो.

ही तीन उत्तरे बरी आली, तर वस्तू कोणत्या देशाची हे दुय्यम आहे. ती वाईट आली, तर वस्तू स्वदेशी असली तरी धोका आहेच. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, हे स्वदेशी म्हशीलाही लागू आहे!

आपल्या देशाने ही वाट पूर्वी चालून पाहिली आहे. १९८० नंतरच्या दशकात आपल्याला फार मोठ्या ताकदीचा संगणक हवा होता. अमेरिकेने तो द्यायला आढेवेढे घेतले. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था निघाली. डॉक्टर विजय भटकर तिचे प्रमुख. हे वऱ्हाडातल्या एका खेड्यात जन्मलेले गृहस्थ. तीन वर्षांत, १९९१ साली, या मंडळींनी 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. आता यातली खुबी ऐका. त्याचे सगळे भाग काही आपल्या घरचे नव्हते. त्यातल्या चकत्या ब्रिटनमधल्या कंपनीच्या होत्या. एका देशाने दार लावले, तेव्हा दुसऱ्या देशाकडून सुटे भाग घेतले आणि ते जोडण्याची अक्कल आपली घातली. विटा विकत आणल्या तरी घर बांधणारा आपण असलो, की घर आपले होते.

पैशांच्या बाबतीतही तसेच पाऊल पडले. तुम्ही दुकानात काळ्या-पांढऱ्या चौकटीचे चित्र दाखवून पैसे देता ना? त्यामागची यूपीआय ही व्यवस्था आपली आहे. ती २०१६ साली सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात तिच्यावरून २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले. देण्याघेण्याची माहिती देशातच साठवली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बजावले आहे. पण इथेही एक मेख आहे. रस्ता आपला, पण त्यावरून धावणाऱ्या गाड्या कोणाच्या? २०२५ साली दहांपैकी आठांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपवरून होत होते. गूगल अमेरिकन. फोनपे बंगळुरात जन्मली, पण तिची बहुतांश मालकी अमेरिकेतल्या वॉलमार्टकडे आहे. कोणत्याही एका ॲपकडे शंभरात तीसहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम ठरला होता. त्याची मुदत वाढवून २०२६ च्या अखेरीपर्यंत नेली. या कंपन्यांनी काही दगा दिला, असे आम्ही म्हणत नाही. गावात दोनच एसटी आणि दोन्ही एकाच आगाराच्या असल्या तर संपाच्या दिवशी काय होते, एवढाच विचार करा.

सरकारी टपालाचेही तसेच. २०२५ सालापर्यंत सुमारे १२ लाख सरकारी कर्मचाऱ्यांची टपालखाती झोहो या तामिळनाडूतल्या कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आली. केरळ राज्याने तर फार आधीपासून सरकारी शाळांतली मुले लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवरच शिकवली. त्यांना काही कमी पडले नाही.

"पण गुरुजी, आम्ही पडलो शेतकरी-मजूर. आमच्या फोनात असे कोणते राजकारण आहे?" असेही कोणी विचारील.

त्याला आमच्या परिचयाच्या एका गावातली हकिकत सांगतो. तिथे बायकांचा बचत गट आहे. पंधरा बाया. महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये. गटाचा हिशेब एका शिकलेल्या सुनेने फोनातल्या एका कोठारात ठेवायला सुरुवात केली. छान रंगीत तक्ते. एके दिवशी ते खातेच बंद झाले. 'आपण नियम मोडला आहे' एवढेच इंग्रजीत लिहून आले. कोणता नियम, ते काही कळले नाही. तक्रार करायला कचेरी नाही, बोलायला माणूस नाही. यंत्राला लिहायचे आणि यंत्रानेच उत्तर द्यायचे. दोन वर्षांचा हिशेब गेला. कोणी म्हणे माझे पाचशे फिटले, कोणी म्हणे माझे व्याज जास्त धरले. पंधरा बायांत तोंडे वाकडी होण्याची वेळ आली.

गट वाचला तो एका साठीच्या बाईमुळे. त्या आमच्यासारख्यांच्या रात्रीच्या वर्गात दोन साली अक्षर शिकल्या होत्या. अक्षर गिरवायचा सराव राहावा म्हणून त्या दर बैठकीला रोजकीर्द लिहीत. मोठी मोठी अक्षरे, वेडीवाकडी. पण तारीख, नाव, रक्कम आणि पुढे अंगठा किंवा सही. तीनचार संध्याकाळी बसून सगळ्या बायांनी ती वही वाचली आणि पै न् पै जुळली. आता तो गट फोनवरही लिहितो आणि वहीतही लिहितो.

म्हणून सांगतो, फोन टाकून देऊ नका. कंपन्यांच्या नावाने शिमगाही करू नका. एवढी व्यवस्था मात्र करा.

जमिनीचा सातबारा, कर्जाचे कागद, बँकेचा खातेक्रमांक, दहावीस महत्त्वाचे फोन नंबर कागदावर ठेवा. फोन हरवला तरी ते हरवणार नाहीत.

घरच्यांचे फोटो आणि कागदांच्या प्रती वर्षातून दोनदा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. गावातल्या शिकलेल्या पोराला सांगा. तेवढे त्याला येते.

पैसे देण्याचे एकच ॲप ठेवू नका. सरकारी पुढाकाराने निघालेले 'भीम' आहे, बँकांची स्वतःची आहेत. एक दुसरे जोडून ठेवा. आणि थोडी रोकड कनवटीला असू द्या.

ग्रामपंचायत, सोसायटी, दूध डेअरी यांनी संगणकाचा करार करताना वरचे तीन प्रश्न विचारावेत. 'आमची सारी माहिती आम्हाला मागाल तेव्हा, कुठेही वाचता येईल अशी परत मिळेल,' हे वाक्य करारात लिहून घ्यावे. सभासदांनी सभेत उठून तसे विचारावे. तो तुमचा हक्क आहे.

शाळेत नवे संगणक आले, तर त्यांवर लिबरऑफिसही घाला म्हणून शाळा समितीला सांगा. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यात मराठीही लिहिता येते. पोरांचा हात दोन्ही विळ्यांना बसू द्या.

आणखी एक सावधगिरी. 'हे स्वदेशी ॲप घ्या, ते परदेशी टाका' असे निरोप फिरतात. त्यांतल्या निळ्या ओळीवर लगेच बोट ठेवू नका. देशभक्तीच्या नावाने ठगही फिरतात. आधी माहीतगाराला विचारा.

मंडळी, श्लेस्विग-होल्स्टाइनच्या सरकारने हजारो संगणक बदलले. आपल्या हातात एक फोन आणि एक वही आहे. पण विचार दोघांचा सारखाच आहे. दुसऱ्याच्या कोठारात धान्य जरूर ठेवावे. सोयीचे असते. पण पेरणीपुरते बी घरात असावे, आणि त्या कणगीची किल्ली आपल्या कनवटीला असावी.

तुम्ही नुकते लिहावाचायला शिकला आहात. ज्याला वाचता येते तो करार वाचतो. ज्याला लिहिता येते तो हिशेब ठेवतो. आज घरी गेल्यावर वहीचे एक नवे पान उघडा आणि त्यावर पाच महत्त्वाचे नंबर स्वतःच्या हाताने लिहा. पुढच्या बैठकीला ते पान आम्ही पाहणार आहोत.